जुना केग-सेट घेताना मी कसा फसलो

तो माणूस सारखा ग्लास भरत होता. आम्ही त्याच्या गॅरेजमध्ये जेमतेम पाऊण तास होतो, तेवढ्यात त्याने नळ चार-पाच वेळा तरी उघडला. सोनेरी बिअर, वर दोन बोटं फेस, चव स्वच्छ. बायको आणि मी एकमेकांकडे बघून मान डोलावली. तो पाहुणचार नव्हता, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. नळ सारखा उघडत राहणं ही त्याची गरज होती.

आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. घरी बिअर करायला लागून चार वर्षं झाली. इथे त्याला कायद्याची आडकाठी नाही. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने दोन प्रौढ माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन बिअर स्वतःपुरती करायची मुभा आहे, फक्त विकायची नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या कुणी हे वाचून सामान जमवायला लागू नये.

एका खेपेला पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर बिअर होते. पन्नासेक बाटल्या धुवायच्या, निर्जंतुक करायच्या, भरायच्या, बुचं ठोकायची. त्यात अख्खा शनिवार जायचा. केग, म्हणजे बिअर साठवायचा स्टीलचा पिंप, असला की एकच भांडं धुवायचं, वरून कार्बन डायऑक्साइडचा दाब द्यायचा, नळ सोडला की बिअर. नवीन सगळं घ्यायचं तर हजार डॉलरच्या पुढे जात होतं. मग जाहिरात दिसली: 'गाव सोडतोय, पूर्ण सेट, चालू स्थितीत.' दोन नळ बसवलेला डीप फ्रीझर, दोन केग, रेग्युलेटर, भरलेला पाच पौंडी सिलिंडर. ४५० डॉलर.

केग पूर्वी शीतपेयांसाठी वापरायचे तसले, स्टीलचे, उंच आणि बारीक, खाली काळ्या रबराचं बूड. तो म्हणाला, सगळ्या ओ-रिंग (सांध्यातल्या रबरी चकत्या) नव्या टाकल्यात, दाब देऊन तपासलंय. सिलिंडर नव्यासारखा चंदेरी चमकत होता. रेग्युलेटरच्या दोन तबकड्यांपैकी सिलिंडरचा दाब दाखवणारीवर ८०० पीएसआय (दाबाचं माप) दिसत होतं. 'बघा, फुल आहे.' मी मान डोलावली. पैसे त्याने फोनवरून बँकेतून थेट खात्यात मागितले, मी तिथेच उभ्या उभ्या पाठवले. जाता जाता तो ब्रुअरीतला मोठा साडेपंधरा गॅलनचा केगही तीस डॉलरला देत होता. गाडीत जागा नव्हती म्हणून घेतला नाही. त्या केगवर ब्रुअरीचं नाव कोरलेलं असतं आणि तो कायम ब्रुअरीच्याच मालकीचा राहतो. दुकानात भरलेली अनामत म्हणजे किंमत नव्हे. असा केग कुणी विकायला काढला तर तो बहुतेक वेळा चोरीचा असतो, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

घरी बेसमेंटमध्ये सेट मांडला. दोन्ही केग भरले, फ्रीझर ३८ फॅरनहाइटला लावला, केगला जाणारा दाब रेग्युलेटरवर १२ पीएसआय. या तापमानाला एवढा दाब आठ-दहा दिवस ठेवला की बिअरमध्ये हवा तेवढा वायू मुरतो. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दोन्ही काटे शून्यावर. सिलिंडर रिकामा.

मला वाटलं, माझंच काही चुकलं. जोडणी ढिली राहिली असेल, झाकण नीट बसलं नसेल. सिलिंडर घेऊन वेल्डिंगच्या गॅसवाल्याकडे भरायला गेलो. काउंटरवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तो हातात घेतला, भरायचं नावच नाही. खांद्यावर, म्हणजे व्हॉल्व्हच्या खालच्या उतारावर, त्यांनी अंगठा फिरवला. मग खिशातून नाणं काढून तिथे खरवडायला लागले. चंदेरी रंगाचे पापुद्रे निघाले आणि खालून ठोकलेले आकडे वर आले: ७, मग तपासणी करणाऱ्याचा छोटा चौकोनी शिक्का, मग ११. जुलै २०११. अशा सिलिंडरची पाण्याच्या दाबाने पाच वर्षांतून एकदा तपासणी व्हावी लागते आणि ती तारीख धातूत ठोकलेली असते. मुदत उलटली की कुणी जबाबदार माणूस भरून देत नाही. मानेभोवतीच्या कड्यावरही रंग होता. तो काढला तर खाली एका गॅस कंपनीचं नाव. म्हणजे सिलिंडर भाड्याचा. तो विकायचा हक्क त्या माणसाला नव्हताच आणि तो मालकाकडे पोचवणं मला भाग होतं. मी तो त्या कंपनीच्या डेपोत नेऊन दिला आणि वेगळे पैसे मोजून दुसरा घेतला.

तबकडीवरच्या ८०० चं रहस्यही त्याच गृहस्थांनी उलगडलं. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. खोलीच्या तापमानाला त्याचा दाब साधारण ८०० पीएसआय राहतो, मग सिलिंडर काठोकाठ भरलेला असो की तळाशी थोडा द्रव उरलेला असो. काटा खाली यायला लागतो तो द्रव संपल्यावर. किती भरलाय ते फक्त वजन सांगतं. सिलिंडरवर 'टी डब्ल्यू' या अक्षरांपुढे रिकाम्याचं वजन ठोकलेलं असतं, ते वजा करायचं. जुना सेट घ्यायला जाताना घरातला वजनकाटा गाडीत टाका. मी टाकला असता तर खांद्यावरचे आकडेही वाचले असते.

नवा सिलिंडर जोडला आणि या वेळी आधी गळती शोधायला बसलो. भांड्याच्या साबणाचं घट्ट पाणी ब्रशने प्रत्येक सांध्याला लावलं. झाकण, दोन्ही पोस्ट (केगवर नळ्या जोडायच्या तोट्या), नळीचे क्लॅम्प, रेग्युलेटरचा वायसर, सगळं झालं. एक बुडबुडा नाही. तरी रोज सकाळी सिलिंडरचं वजन कमी. शेवटी दोन्ही केग रिकामे केले (ती बिअर मोरीत ओतताना फार वाईट वाटलं), दाब देऊन बाथटबमध्ये आडवे बुडवले. एकाच्या रबरी बुडाच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ वर येत होती.

ते रबर सहज निघत नाही. गरम पाण्यात अर्धा तास ठेवून, फिरवून फिरवून काढलं. खाली तळाच्या वेल्डिंगजवळ राखाडी रंगाचं काहीतरी थापलेलं होतं, आपण टाकीला एम-सील लावतो तसं. मऊ असतानाच कुणीतरी बोटाने सारखं केलेलं. बोटाचा ठसा स्पष्ट उमटला होता. नखाने टोकरलं तर खाली गंजून पडलेली सुईएवढी भोकं, तीन. 'दाब देऊन तपासलंय' म्हणणाऱ्याला ती ठाऊक होती. गॅरेजमध्ये बिअर दुसऱ्या केगमधून येत होती. हा नुसता शेजारी उभा केलेला होता, त्याची गॅसची नळीच जोडलेली नव्हती. त्या वेळी मी ते बघितलं होतं, पण विचारलं नाही.

फुटका केग बाजूला ठेवला, चांगल्यात नवी बिअर भरली, १२ वर दाब ठेवला आणि आठ दिवसांनी नळ उघडला तर ग्लासात फेसच फेस. मी आधी नळीला दोष दिला. तीन-षोडशांश इंच व्यासाची नळी दहाएक फूट लांब असावी लागते, म्हणजे बिअरचा जोर वाटेत कमी होतो. त्याने दिलेली चारच फूट होती. दहा फुटी टाकली. तरी फेस. मग एका रात्री केगची नळी काढून रेग्युलेटर एकटाच १२ वर ठेवला. सकाळी काटा तिशीवर. आतली सीट, म्हणजे गॅस अडवणारी बैठक, खराब झाली की रेग्युलेटर पूर्ण बंद होत नाही, गॅस झिरपत राहतो आणि दाब चढत जातो. पहिल्या तीन दिवसांत हे दिसलं नाही, कारण फुटक्या केगमधून तेवढाच दाब बाहेर जात होता. एका दोषाने दुसरा झाकला होता. आणि गॅरेजमध्ये? सारखा नळ उघडला की केगमधला दाब वापरला जातो, काट्याला चढायला सवडच मिळत नाही. म्हणून तो ग्लास भरत होता.

पैशांचं दुःख आहेच. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत मिळणार नाहीत. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. त्या पत्त्यावर गेलो तर घरमालकीण बाईंनी गॅरेज महिन्याभरासाठी भाड्याने दिलेलं होतं. पण माझी झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीने. पाच पौंड म्हणजे सव्वादोन किलो द्रव. तो बाहेर पडला की सव्वा घनमीटर वायू होतो. हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साचतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत एकदम सुटला तर हवेत त्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जातं. इथल्या कामाच्या ठिकाणी दिवसभरासाठी अर्धा टक्का ही मर्यादा आहे आणि चार टक्के म्हणजे जिवाला तात्काळ धोका मानतात. बेसमेंटमधली ती दहा बाय दहाची खोली आई-बाबांची. ते जूनमध्ये नाशिकहून येणार होते आणि आईला जमिनीवरची गादीच सोयीची पडते. सिलिंडर रिकामा झाला ते दोन दिवस मे महिन्यातले होते. आता तिथे गादीच्या उंचीवर कार्बन डायऑक्साइडचा अलार्म लावलाय आणि सिलिंडर गॅरेजमध्ये हलवलाय.

गेल्या महिन्यात मंडळातल्या एका मित्राने मला एक जाहिरात पाठवली. पलीकडच्या उपनगरातली, नाव वेगळं, मजकूर शब्दशः तोच, फोटोत सिलिंडर तसाच चंदेरी. मित्र शनिवारी पैसे घेऊन निघणारच होता. मी त्याच्याकडून एवढंच लिहून पाठवलं: 'दोन्ही केगना गॅस जोडून १२ वर रात्रभर ठेवा, नळ उघडू नका. सकाळी वजनकाटा घेऊन येतो, केगची रबरं काढून बघू, सिलिंडरची ठोकलेली तारीख वाचू, मग पैसे.' उत्तर आलं की दुसरं गिऱ्हाईक आत्ताच येतंय, घ्यायचं तर तासाभरात या. मित्र गेला नाही. रविवारी सकाळी बघितलं तर ती जाहिरात अजून तिथेच होती, किंमत पन्नास डॉलरने उतरवलेली.