एस्टीम की नवी टर्बो? ऑटोक्रॉसला उतरण्याआधी

दिवाळीत पुतण्यानं मिसळीच्या टेबलावर विचारलं, "काका, ऑटोक्रॉसला तुमच्यासारखी जुनी एस्टीम शोधू, का सरळ नवी टर्बो बुक करू?" तेव्हा कट आला आणि उत्तर अर्धवट राहिलं. ते उत्तर इथं पुरं करतो, कारण हाच प्रश्न घेऊन फिरणारी कोल्हापुरात बरीच पोरं आहेत. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात कोन (रस्त्यावर असतात तसले शंकू) मांडून एका वेळी एक गाडी घड्याळाविरुद्ध सोडायची. आणि टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या धुरावर पंखा फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबणारी गाडी.

परदेशात या खेळाची लाडकी गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५. १९८९ पासून चालत आलेली, दोन सीटची, हजार किलोच्या आसपास. ती आपल्याकडं कधी विकलीच गेली नाही. त्यामुळं आपली 'स्पोर्ट्स कार' म्हणजे घरगुती गाडीचं तापट भावंड. जुन्यांत मारुती एस्टीम, होंडा सिटी व्हीटेक, फियाट पालिओ १.६; नव्यांत ह्युंदाईची आय-२० एन लाइन, टाटाची अल्ट्रोझ रेसर. सगळ्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या.

कागदावर नव्या गाड्यांचाच नाद खुळा. एन लाइन आणि रेसर, दोन्हींची ताकद १२० पीएस. सिटी व्हीटेकची १०६ बीएचपी (पीएस आणि बीएचपी ही ताकदीची जवळजवळ सारखीच मापं), तीही काटा ६,८०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, भिडल्यावर. एस्टीमची शेवटची इंजिनं ८५ बीएचपीची. पण ऑटोक्रॉसमध्ये जवळजवळ सगळा खेळ दुसऱ्या गिअरमध्येच होतो. कोनाला वळसा मारताना आरपीएम पार खाली येतो आणि तिथून गाडी किती लवकर उचलते यावर वेळ ठरते. टर्बोला तिथं क्षणभर दम खावा लागतो. पाय दाबलेला, गाडी गप्प, आणि मग सगळा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, एकदम येतो. तोवर तुम्ही स्टिअरिंग अजून सरळ केलेलं नसतं, म्हणून आतलं चाक नुसतंच फिरतं आणि गाडी पुढच्या कोनाकडं सरळ निघते. एस्टीममध्ये ताकद कमी, पण पाय दाबाल तेवढी लगेच मिळते. सिटीवाल्यांनीही फार मिशीला पीळ देऊ नये. व्हीटेकची खरी मजा वरच्या आरपीएमला, आणि ओळीनं अरुंद वळणं आली की ती मजा तुमच्या वाट्याला येतच नाही.

पुतण्याच्या मित्राची टर्बो हॅच मी एकदा मुरमाच्या मैदानावर चालवली. पहिल्याच ब्रेकला एबीएस पायाखाली टकटकायला लागलं आणि गाडी थांबायच्या कोनाच्या दोन हात पुढं गेली. यात गाडीचा दोष नाही. सुट्या मुरमावर चाक अडकलं तर पुढं मातीचा ढीग साठतो आणि तोच गाडी अडवतो. एबीएस चाक अडकूच देत नाही, म्हणून अंतर वाढतं. ईएससीचंही, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचंही, तसंच. मागचा भाग जरा घसरवून वळायचं म्हटलं की ते पॉवर कापतं. बऱ्याच गाड्यांत बटण असतं, पण दाबूनही काहींत ते पूर्ण बंद होत नाही. बुक करण्याआधी टेस्ट ड्राइव्हला एवढं एक नक्की तपासा. हॅंडब्रेकला दांडा आहे का नुसतं बटण, हेही बघा. बटण असेल तर हॅंडब्रेक मारून गाडी फिरवायचं विसरा.

कोरड्या, धरून ठेवणाऱ्या डांबरावर मात्र चित्र उलटं होतं. रुंद टायर, घट्ट सस्पेन्शन, चांगले ब्रेक. तिथं माझी एस्टीम वळणात कुस बदलणाऱ्या म्हशीसारखी कलते आणि नवी गाडी सहज पुढं जाते.

आता पैशाचं बोलू, कारण खरा निर्णय तिथंच होतो. आपल्या साध्या मोटार पॉलिसीत संघटित रेसिंग, स्पीड टेस्टिंग असल्या वापराला संरक्षण नसतं. म्हणजे दगड लागून ऑइल संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) फुटला तर खर्च तुमचा. वॉरंटीही अशा वापराला हात वर करते. दहा लाखांच्या घरातली गाडी, डोक्यावर हप्ता, आणि १६ इंची अलॉयखाली येणारा प्रत्येक दगड पोटात ऐकू येतो. त्या धास्तीत माणूस कधीच पूर्ण पाय दाबत नाही, आणि न दाबता शिकायला काही मिळत नाही. जुन्या गाडीला १३ इंची चाक, जाड बाजूचा टायर. रिम वाकली तर ठोकून सरळ होते.

आणि इथं कोल्हापूरकरांचं नशीब जोरावर आहे. उद्यमनगरात लेथ, वेल्डिंग, बुश बसवणारा माणूस सगळं चालत जायच्या अंतरावर. माझ्या एस्टीमचा इंजिन माउंट तडकलाय हे दोन महिने माहीत असून मी कंटाळा केला, आणि ऐन रनमध्ये गिअर दुसऱ्यातून निसटला. चूक पूर्ण माझी. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी परत उभी होती. संपखाली जाड पत्र्याची प्लेटही तिथंच बसवून घेतली.

जुनीची डोकेदुखी वेगळीकडं. पंधरा वर्षं उलटली की नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर; वीस वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी तर २०२५ मध्ये १०,००० रुपये झाली. ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला जुने रबरी पाइप आणि सील साथ देतीलच असं नाही, ते आधीच बदला. आणि स्पर्धा पुण्यात असेल तर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर हायवेनं जायचं, दिवसभर मैदानावर भाजायचं आणि रात्री एअरबॅग नसलेल्या पातळ पत्र्यातून परत यायचं. घरात एकच गाडी असेल, तीच बायकापोरांना घेऊन फिरणार असेल, तर माझं सरळ मत आहे: नवी घ्या, वर्षातून दोनदा डांबरी ट्रॅकवरच उतरवा, मुरमाच्या मैदानात नेऊच नका. घरात दुसरी गाडी असेल आणि खरंच शिकायचं असेल, तर जुनी घ्या. अगदीच कोवळे असाल तर त्याआधी मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर कार्ट (छोटी उघडी रेसगाडी) चालवून बघा. लाइन, म्हणजे वळणातून गाडी न्यायची नेमकी वाट, हे तिथं स्वस्तात कळतं.

पुतण्या सध्या एका सिटी व्हीटेकच्या मागं लागलाय. मालक दर फोनला किंमत वाढवतोय. रविवारी बघायला जाणार आहोत. मी टॉर्च आणि लोहचुंबक घेतलंय. चुंबक जिथं चिकटणार नाही, तिथं रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे.