आठ महिने, एक स्ट्रोलर आणि नसलेलं भोक

लेकीच्या स्ट्रोलरचा, म्हणजे बाबागाडीचा, हा अनुभव मी तीनदा लिहायला घेतला. पहिल्यांदा ऑक्टोबरात, ज्या संध्याकाळी रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर तिचं डावं पुढचं चाक जाम झालं तेव्हा. त्या मसुद्यात एकच तारा होता आणि दोन शब्द असे होते की बायकोने खोडायला लावले. आता जानेवारी आहे, गाडी चालते आहे, राग अर्धा उतरलाय. उरलेला अर्धा का उतरत नाही ते पुढे येईलच. ते कारण पाच मिलिमीटरचं आहे.

वजन, घडी, पाच पट्ट्यांचा बेल्ट हे सगळं विक्रीच्या पानावर आहे, पुन्हा लिहीत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही. ज्यांच्याकडे ही गाडी आहे ते खोक्यावरून ओळखतील: निळा समुद्र, पांढरी वाळू, वाळूत उभी स्ट्रोलर आणि हसणारं कुटुंब. हे चित्र लक्षात ठेवा.

आम्ही मूळचे सोलापूरचे. बायको बँकेत आहे, मे महिन्यात तिची बदली रत्नागिरीला झाली. मी घरून हिशेबाचं काम करतो, त्यामुळे दुपारी साडेचारनंतर लेक माझ्या ताब्यात. तेव्हा ती चौदा महिन्यांची होती, नुकतीच पावलं टाकायला लागलेली. नव्या गावात ओळखीचं कुणी नाही आणि दोन खोल्यांत पोरीला डांबून ठेवलं तर ती भांड्यांचं कपाट रिकामं करते, म्हणून रोज बाहेर पडायचं ठरवलं. सेलमध्ये ६,४५० रुपयांना ही स्ट्रोलर घेतली. घेताना डोळ्यासमोर सोलापूरचे सपाट रस्ते होते. ही पहिली चूक, आणि ती माझी.

रत्नागिरीत रस्ता एकतर चढतो नाहीतर उतरतो. जिथे दोन्ही जमत नाही तिथे पाखाडी असते, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट. पाखाडी हा शब्द मला स्ट्रोलर घेतल्यावर कळला. एका हातात गाडी, कडेवर साडेदहा किलोची लेक, आणि पायाखाली शेवाळलेला जांभा. जूनमध्ये दोनदा असा उतरलो, तिसऱ्यांदा लांबचा डांबरी रस्ता पकडला. तुमचं घर पाखाडीवर असेल तर ही गाडी काय, कुठलीच गाडी घेऊ नका. पाठीला बांधायची झोळी घ्या.

आता समुद्र. सहा इंची फोमची चाकं कोरड्या वाळूत रुततात, हे सगळ्यांनाच माहीत असेल. ढकलण्याऐवजी उलटी ओढली तर बरी चालते. पण खरी गोष्ट मला पहिले दोन महिने कळलीच नव्हती. एकदा संध्याकाळी सहाला मोठ्या हौसेने भाट्याला गेलो तर किनाराच नाही! पाणी थेट सुरूच्या बनापर्यंत. तसेच परत आलो. तळमजल्यावर एसटीतून निवृत्त झालेले काका राहतात, त्यांनी पायरीवरूनच विचारलं, "काय हो, अष्टमीला संध्याकाळी भाट्याला कोण जातं?"

मग त्यांनी हिशेब शिकवला. हिशेब म्हटल्यावर मी लगेच बसलो. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. चतुर्थीला तीन. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला. शिवाय तेव्हा उधाण असल्यामुळे पाणी हटतंही लांबवर. मागे राहते ती ओली, घट्ट वाळू, आणि त्या वाळूवर ही गाडी अशी पळते की सोलापूरचा होटगी रोड आठवावा. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण कालनिर्णय पाहून समुद्रावर जाणं आम्हाला जमायला लागलं. त्रयोदशी ते द्वितीया गाडी घेऊन समुद्र, बाकीचे दिवस गावात. ही माहिती गाडीच्या पुस्तिकेत असती तर मी तिला एक तारा जास्त दिला असता.

त्या ओल्या वाळूवर लेक गाडीत बसते का? नाही. उतरते, उकिडवी बसते आणि छोट्या खेकड्यांनी बिळाभोवती टाकलेल्या मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या एकेक करून बोटाने चिरडते. एक बीळ झालं की दुसरं. खेकडा आत दबा धरून असतो, ही बाहेर. वीस-वीस मिनिटं हा मुकाबला चालतो. मी शेजारी रिकामी गाडी धरून उभा. मग ओले, वाळूने माखलेले पाय घेऊन ती गाडीत बसते आणि पाय ठेवते फूटरेस्टवर.

आलो मुद्द्यावर. या गाडीचं फूटरेस्ट म्हणजे फळी नाही, ताट आहे. चारी बाजूंनी बोटभर कड, आणि तळाला एकही भोक नाही. एकही! त्यात काय काय साठतं त्याची यादी मी करून ठेवली आहे: वाळू, सुरूची काटेरी फळं, शिंपले, कुरमुरे, एकदा अर्धं केळं, आणि पाणी. खारं पाणी. गाडी उलटी केल्याशिवाय ते निघत नाही आणि उलटी करायची तर लेकीला उतरवायला हवं, टोपली रिकामी करायला हवी, छत मिटायला हवं. एका पाच मिलिमीटरच्या भोकाने हे सगळं वाचलं असतं. बादलीवाल्याला भोक नको हे कळतं, कुंडीवाल्याला हवं हे कळतं. फूटरेस्टवाल्याला एवढं कळू नये?

आणि मग पाऊस आला. सोलापूरला वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो. इथे तीन हजारांच्या वर, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. सोबत मिळालेलं प्लॅस्टिकचं कव्हर पाणी अडवतं यात वाद नाही, पण आत लेक इडलीसारखी वाफवते. दहा मिनिटांत प्लॅस्टिक आतून धुरकट, बाहेरून फक्त एक चिकटवलेलं नाक दिसतं. जुलैत आम्ही कव्हर सोडून छत्रीवर आलो आणि फिरणं मत्स्यालयापुरतं ठेवलं. झाडगावचं मत्स्यालय पावसाळ्यात लहान पोरांसाठी या गावातली सगळ्यात उत्तम जागा आहे. टाक्यांतले मासे आहेतच, पण देवमाशाचा सांगाडा पाहून आमची लेक जी गप्प झाली तशी ती झोपेतही नसते. सीटच्या कापडाला मात्र बुरशी धरली. व्हिनेगरने पुसलं, काळे ठिपके अजून आहेत.

ऑगस्टात आठवडाभर झड लागली होती. गाडी जिन्याखाली उभी, वरून वळचणीचं पाणी. डासांच्या अळ्या शोधत घरोघर फिरणाऱ्या ताई आल्या. कुंड्या पाहिल्या, टायर पाहिला, आणि मग आमच्या स्ट्रोलरपुढे थांबल्या. "हे कुणाचं?" फूटरेस्टच्या तळ्यात अळ्या वळवळत होत्या. सगळ्या बिल्डिंगसमोर ताईंनी बाळाची गाडी उलटी केली. त्या संध्याकाळी मी तीन इंची खिळा पक्कडीत धरला, गॅसवर लाल केला आणि फूटरेस्टला भोक पाडलं. घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास. भोक नीट गोल झालं नाही, पण पाणी भळभळा निघून गेलं. मला वाटलं, प्रश्न संपला.

पण आधीच्या तीन महिन्यांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. गाडीखाली वाकून पाहा: फूटरेस्टच्या मागच्या कडेवरून ओसंडणारं पाणी बरोबर पुढच्या चाकाच्या रिव्हेटवर पडतं. आमच्या गाडीचं ताट जरा डावीकडे कललेलं आहे, म्हणून डावं चाक गंजलं आणि उजवं अजून ठणठणीत आहे. बायको म्हणते समुद्रावर न्याल तर लोखंड गंजणारच. मग उजवं का नाही गंजलं? याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

सप्टेंबरभर चाक कुरकुरत होतं. शेजारच्या काकूंनी खोबरेल सोडायला सांगितलं, सोडलं. करू नका. तेलाला वाळू चिकटते आणि आत घासायची पेस्ट तयार होते. पंधरा दिवसांत चाक पूर्ण अडलं, मांडवीला, भर रविवारी, भेळेच्या गाड्यांसमोर. तिथून घरापर्यंत तीन चाकांवर. वाटेत सगळा चढच.

कंपनीला फोन केला. वॉरंटी एक वर्षाची, गाडी पाच महिन्यांची. फोटो मागवले, पाठवले. दोन दिवसांनी उत्तर: "सर, आपण प्रॉडक्टमध्ये मॉडिफिकेशन केलंय." म्हणजे भोक! मी म्हटलं, बाई, ते भोक तुम्हीच पाडायला हवं होतं, मी तुमचं काम फुकट केलं. त्यावर त्यांनी पुस्तिकेचं चौदावं पान वाचून दाखवलं: वाळू, समुद्रकिनारा आणि साचलेलं पाणी यांमुळे झालेली हानी वॉरंटीत बसत नाही. मग खोक्यावरचं चित्र? "सर, ते फक्त प्रातिनिधिक आहे." चाकांचा जोड हवा तर १,३५० रुपये, कुरिअर वेगळं, आणि रत्नागिरीत सर्व्हिस नाही, गाडी पुण्याला पाठवा. मसुद्यातला एक तारा त्या रात्री पक्का झाला.

काकांना सांगितलं तर ते हसले. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं आणि कित्येक वर्षं तिथेच गंजत पडलं. "एवढं जहाज या हवेने खाल्लं, तुमच्या बाबागाडीचं काय घेऊन बसलात! सायकलवाल्याकडे जा."

बाजारातल्या सायकलवाल्या दादांनी चाक पाहिलं, रिव्हेटवर नखाने खरवडलं आणि म्हणाले, "मुलामा दिलेलं साधं लोखंड. मिरकरवाड्याला बोटीचं सामान मिळतं तिथून स्टीलचा बोल्ट आणा. नुसतं एसएस म्हणू नका, ३१६ मागा." एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील, ३१६ ही त्याची एक जात. त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे ते खाऱ्या हवेत तग धरतं, साधं ३०४ इथे काही काळाने डागाळतं. बोल्ट, वायसर आणि न सुटणारे दोन नट मिळून ११० रुपये. मजुरी ८०. दादांनी रिव्हेट कापला, वीस मिनिटांत चाक बसवलं आणि जाताना सांगितलं, समुद्रावरून आलात की गोड्या पाण्याने धुवा, पुसा, तेल बिलकुल नको. त्याला तीन महिने झाले. चाकाचा आवाज नाही. १९० रुपये विरुद्ध १,३५० अधिक कुरिअर अधिक अपमान.

आणि इथे मला मत बदलावं लागतंय, कारण चाक नीट झाल्यावर दिसलं की बाकीची गाडी चांगली आहे. छत मोठं आहे, ऑक्टोबरच्या उन्हातही चेहऱ्यावर सावली राहते. टोपलीवर तीन किलो लिहिलंय, मी दोन शहाळी, भाजी आणि पापलेटं मिळून पाचाच्या वर आणलंय, कापड उसवलं नाही. मिरकरवाड्याला सकाळी बोटी येतात तेव्हा पाट्या, मांजरं, ओरडा या सगळ्यात लेकीला सुरक्षित बसवायला पट्टे उत्तम. वास मात्र दोन दिवस जात नाही.

गाडी सगळ्यात सुखाने चालते ती थिबा राजवाड्याच्या आवारात. जागा सपाट, मोकळी, गर्दी कमी. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत होता, १९१० मध्ये या वाड्यात आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. तीस वर्षं! बदलीवर आलेल्या माणसाला त्याच्याबद्दल जरा आपुलकी वाटते. आमची तीन वर्षांत सुटका आहे, आणि खरं सांगायचं तर आता घाईही नाही. पुढे थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि पूल दिसतो, तिथे लेक "पानी, पानी" करत पट्ट्यांतून निसटायला बघते. रत्नदुर्गाला गाडी नेऊ नका, पायऱ्या आहेत. मी नेली होती.

जमाखर्च: आठ महिन्यांत साधारण १८० फेऱ्या, दुरुस्ती धरून ६,६४० रुपये, म्हणजे फेरीला ३७ रुपयांच्या आत. रिक्षापेक्षा स्वस्त. तीन तारे. चौथा भोकावर अडलाय.

डिसेंबरअखेर गणपतीपुळ्याला गेलो होतो. देवळासमोरच्या वाळूवर कोल्हापूरचं एक कुटुंब, त्यांच्याकडे याच कंपनीची स्ट्रोलर, रंग नवा. मी लेकीला बायकोकडे दिलं आणि गाडीशेजारी गुडघ्यांवर बसून खाली वाकलो. फूटरेस्टला तीन भोकं. गोल, नीट, एका रांगेत.

"काही पडलं का तुमचं?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "केवढ्याला घेतली?"

"सात हजार तीनशे."