रंगसंच की चिन्हं? रंगांधळ्या खेळाडूसाठी कोडं बनवताना

रंगांवर चालणारं कोडं बनवत असाल, तर रंगांधळ्या खेळाडूंसाठी दोन मुख्य वाटा आहेत. एक, सेटिंग्जमध्ये वेगळा रंगसंच ठेवायचा. दुसरी, प्रत्येक रंगाला स्वतःचं चिन्ह द्यायचं आणि ते सगळ्यांनाच कायम दिसू द्यायचं. कोथरूडमध्ये आम्ही दोघं-तिघं मिळून एक गेम करतो. बाटल्यांमधलं रंगीत पाणी इकडून तिकडे ओतायचं आणि एका बाटलीत एकच रंग जमवायचा. त्यासाठी दोन्ही वाटा चालून पाहिल्या.

रंगसंचाची बाजू लंगडी नाही. मासाताका ओकाबे आणि केइ इतो या स्वतः रंगांधळ्या असलेल्या जपानी शास्त्रज्ञांनी सुचवलेला ८ रंगांचा संच सहज मिळतो, बसवायलाही सोपा. आर्टिस्टची मेहनत झाकली जात नाही. वर्डल या शब्द ओळखायच्या गेममध्ये हिरव्या-पिवळ्याऐवजी नारिंगी-निळा दाखवणारा मोड आहे. तिथे तो शोभतो, कारण ओळखायचे रंग मोजकेच. आमच्या वरच्या लेव्हल्सना १२ रंग लागतात. त्या ८ मधला एक तर काळा, मग उरलेले आणायचे कुठून? जांभळा घेतला की तो निळ्यात मिसळतो, कारण लाल-हिरव्याची अडचण असलेल्या डोळ्याला त्यातला तांबडा अंश नीट जाणवत नाही. गुलाबी आणि मोरपंखी राखाडीकडे झुकतात. त्यातून कसेबसे वेगळे केलेले रंग रात्री फोनचा पिवळट मोड चालू झाला की पुन्हा हलतात.

एवढं कदाचित निभावून नेता आलं असतं. माझं मन फिरलं ते रंगसंच निवडायच्या मेनूमुळे. ‘प्रोटॅनोपिया, ड्यूटरॅनोपिया, ट्रायटॅनोपिया’ या रंगांधळेपणाच्या प्रकारांतला एक निवडा, असं आपण खेळाडूला सांगतो. म्हणजे आपल्याला हा दोष आहे आणि तो कुठल्या प्रकारचा, हे त्याला आधीच माहीत हवं. लाल-हिरव्याचा जन्मजात दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून पुरुषांत जास्त. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ मध्ये एकाला. आपल्याकडे कित्येक मुलांना तो एनडीएच्या किंवा रेल्वेच्या मेडिकलला ठिपक्यांतला आकडा वाचता आला नाही तेव्हाच कळतो. ज्याला कळलेलंच नाही, तो सेटिंग्जमध्ये जाऊन शोधणार तरी काय?

माझा मेहुणा वनाझहून मेट्रोने कामाला जाताना आमचा गेम खेळायचा. एकदा घरी आला आणि म्हणाला, “दाजी, पुढची लेव्हल सुटतच नाही. माझंच डोकं चालत नसेल.” मी शेजारी बसून पाहिलं. तो हिरवं पाणी नारिंगीवर ओतायला जात होता, बाटली हलून परत जागेवर येत होती आणि एखादा नियम आपल्याला समजला नाही असं त्याला वाटत होतं. रंगसंचाचा मोड त्याच्या फोनमध्ये होता. त्याने तो कधी उघडलाच नव्हता. कोड्यात हे जास्त बोचतं, कारण न दिसणं आणि न समजणं यांतला फरक माणसाला आतून कळत नाही. तो स्वतःच्या बुद्धीला बोल लावतो आणि गेम काढून टाकतो.

चिन्हांचा त्रासही आहेच. छोट्या स्क्रीनवर पाण्याचा थर बोटाच्या नखाहून कमी उंच असतो, तिथे तारा आणि फूल सारखेच दिसतात. म्हणून फक्त बाह्याकारावरून ओळखू येतील अशी चिन्हं निवडावी लागतात: चंद्र, बाण, अधिक, पान, पोकळ गोल. ओतताना चिन्ह पाण्याबरोबर सरकलं पाहिजे, पण कललं नाही पाहिजे. आमच्या आर्टिस्टला पहिल्यांदा बाटल्या औषधाच्या दुकानातल्या वाटल्या, आणि ते खरंच होतं. मग त्याच रंगाची गडद किंवा फिकट छटा चिन्हाला दिली. चिन्ह आणि मागचा रंग यांत ३:१ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, राखला की दिसायला त्रास होत नाही आणि चित्रही बिघडत नाही. कँडी क्रशमध्ये प्रत्येक गोळीचा आकार मुळातच वेगळा आहे, तशी सोय पहिल्या दिवसापासून आखता आली तर उत्तमच.

फायदा रंगांधळ्यांपुरता राहत नाही. उन्हात, स्वस्त स्क्रीनवर मलाही आता चिन्हंच आधी दिसतात. बायको आणि मेहुणा फोनवर एकमेकांना “चंद्रावरचं पान आधी काढ” असं सांगतात.

पूर्ण स्क्रीनवर रंग बदलणारा फिल्टर हाही पर्याय सुचवला जातो. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत तो आहे; आपण पुन्हा करण्यात वेळ घालवू नये असं मला वाटतं.

तुमच्याकडे चार-पाचच रंग असतील तर नीट निवडलेला रंगसंच पुरेल. फक्त तो मोड म्हणून न ठेवता मूळचाच ठेवा. त्याहून जास्त असतील, तर माझं मत चिन्हांना. सुरुवातीपासून चालू ठेवा, ज्याला नको तो बंद करेल. आणि नक्की करण्याआधी कुठल्याही लेव्हलचा स्क्रीनशॉट कृष्णधवल करून घरातल्या कोणाला तरी सोडवायला द्या.