उंदराचा पिंजरा आणि साडेचार हजारांचं नाईट गार्ड

सासूबाई सिन्नरहून आल्या होत्या. दोन रात्री माझ्या खोलीत झोपल्या आणि तिसऱ्या दिवशी पलंगाखाली भाकरीचा तुकडा लावून पिंजरा ठेवला. "रात्रभर कुरतडतोय गं मेला!" उंदीर नव्हताच, झोपेत दात खाणारी मी होते.

सकाळी कानशिलं ठणकायची, जांभई देताना डाव्या कानापुढे 'कट्' वाजायचं. आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. कान ठणठणीत, त्यांनीच दातांकडे पाठवलं. मग मी शहाणपणा केला आणि रात्री दातांवर चढवायचं सहाशेचं गार्ड ऑनलाइन मागवलं, गरम पाण्यात बुडवून, चावून आकार द्यायचा ते. इतकं मऊ की रात्रभर चघळतच राहिले. जबडा आणखी दुखला आणि तीन आठवड्यांत त्याला भोक पडलं.

शेवटी नाशिकच्या गंगापूर रोडचा हा दातांचा दवाखाना. वेळ साडेसहाची, नंबर लागला पावणेआठला. गाडी लावायची तर मागच्या गल्लीत. पण आत डॉक्टर मॅडमनी अजिबात घाई केली नाही. गालावर बोटं ठेवून "दात आवळा" म्हणाल्या. स्नायू सुपारी ठेवल्यासारखा टरारून वर आला. आरशात सुळ्यांची सपाट झालेली टोकं दाखवली, जिभेच्या कडेला उमटलेले दातांचे वळ दाखवले. घोरता का, चहा-कॉफी किती, डिप्रेशनची गोळी चालू आहे का, सगळं विचारलं. काही गोळ्यांनीही दात खाणं वाढतं म्हणे.

वरच्या दातांचं माप घेतलं, आठ दिवसांनी कडक, पारदर्शक ॲक्रिलिकचं गार्ड आलं. साडेचार हजार. पैसे वसूल झाले ते इथे: निळा कागद दातांत धरायचा, ठिपके कुठे उमटले ते बघून मॅडम तेवढंच घासायच्या, पुन्हा कागद. दोन्ही बाजू सारख्या टेकेपर्यंत सोडलं नाही. पहिल्या तीन रात्री उशी लाळेने ओली, मग सवय झाली.

त्यांनी आधीच सांगितलं होतं, गार्डने दात खाणं थांबेलच असं नाही, झिजायचं ते गार्ड झिजेल. दिवसाचं तुम्ही बघा: ओठ मिटलेले, दात सुटे. मी सातपूरला अकाउंट्समध्ये आहे, जीएसटीची वीस तारीख जवळ आली की दात आपोआप आवळले जातात. म्हणून मॉनिटरच्या कोपऱ्यात टिकली लावलीय. नजर गेली की जबडा सैल.

तक्रार एकच. गार्ड गरम पाण्याने धुवायचं नसतं हे कुणीच सांगितलं नाही. मी उकळतं पाणी ओतलं, कोपरा वाकला आणि बसवून घ्यायला पाचशे गेले.

चार महिने झाले. कानशिलं आता क्वचितच दुखतात. 'कट्' मात्र वाजतंच. तीन बोटं उभी मावतील एवढं तोंड उघडतंय आणि दुखत नाहीये, तर त्याला हात लावायचा नाही, असं मॅडम म्हणाल्या. गार्डवर डावीकडे ओरखडेच ओरखडे आहेत. सासूबाईंना दाखवले, तर म्हणाल्या, "बघ, दात उंदराचेच आहेत."