टेलिफोनच्या तारेवरचा टीव्ही: स्टुटगार्टमधला अनुभव

जर्मनीत भाड्याच्या घरात केबल टीव्हीचे पैसे वर्षाच्या देखभाल खर्चातच लागून यायचे, बघा नाहीतर नका बघू. १ जुलै २०२४ पासून ती सक्ती गेली. आमचं इंटरनेट टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर होतंच, त्याच कंपनीचा टीव्ही बॉक्स घेतला. आता बरेच महिने वापरून झालाय.

केबलमध्ये सगळ्या वाहिन्या कायम घरापर्यंत आलेल्या असतात, बॉक्स हवी ती उचलतो. टेलिफोनच्या तारेत तेवढी जागा नाही. एक एचडी वाहिनीच सेकंदाला साधारण ८ ते १० मेगाबिट खाते, म्हणून तुम्ही बघताय तेवढीच घराकडे सोडतात. वाहिनी बदलली की बॉक्स नवा प्रवाह मागतो आणि पूर्ण चित्राची फ्रेम येईपर्यंत थांबतो. हा खोळंबा कमी करायला कंपन्या बऱ्याच युक्त्या करतात, तरी सारखं रिमोट दाबणाऱ्या आमच्या बाबांना तो जाणवलाच.

वेग अंतरावर ठरतो. टेलिफोनच्या तारा जिथून घराघरात जातात ती कोपऱ्यावरची करडी पेटी आमच्यापासून जवळ आहे, म्हणून १०० मेगाबिटच्या प्लॅनला नव्वदच्या वर मिळतात. पेटी लांब असेल तर या भानगडीत पडूच नका, तांब्यात सिग्नल वाटेतच मरतो.

खरा ताप घरात निघाला. संध्याकाळी चित्राचे चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा. हेल्पलाइनचं उत्तर ठरलेलं: बॉक्स रीस्टार्ट करा. शेवटी माणूस आला. त्याने मोडेमच्या पानावर चुकांचा आकडा भराभर चढताना दाखवला, मग विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे आमचे दोन्ही पॉवरलाइन ॲडॉप्टर सॉकेटमधून उपटले. आकडा जागीच थांबला. ते ॲडॉप्टर आणि व्हीडीएसएल (म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचं आमचं इंटरनेट) काही अंशी एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात, त्यामुळे गोंगाट थेट तारेत शिरतो. वाय-फायवरही मल्टिकास्ट, म्हणजे एकच प्रवाह एकदम अनेकांना सोडायची या टीव्हीची पद्धत, नीट चालेलच असं नाही. आता भिंतीच्या कडेने लॅन केबल टाकली आहे. दिसायला वाईट, पण चित्र दगडासारखं स्थिर.

उशीर मात्र कशानेच जात नाही. युरो २०२४ मधला जर्मनी-स्पेन सामना इथे स्टुटगार्टातच होता. ८९ व्या मिनिटाला व्हिर्ट्झने बरोबरी साधली, तेव्हा डिशवाले शेजारी ओरडले आणि आमच्याकडे चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर! थेट सामने हाच तुमचा जीव की प्राण असेल तर डिश किंवा केबलच बरी.

केबलचंही सगळं गोड नाही. टीव्ही झकास, पण इंटरनेटसाठी तीच कोॲक्स (टीव्हीची केबल) आसपासच्या घरांत वाटली जाते. वरच्या मजल्यावरच्यांचं नेट रात्री आठनंतर रांगतं.

मराठी मालिका या बॉक्सवर नाहीत. त्या ॲपवरून बघतो, आणि तिथे लाइन दमली की चित्र तुटत नाही, नुसतं धूसर होतं. आईला तेवढं चालतं.