सहा मिलिमीटरची चकती: नळ्या-शिट्ट्यांच्या संचाचा अकरा महिन्यांचा अनुभव

परवा कस्टमर केअरवाल्याशी तिसऱ्यांदा वाजलं, म्हणून लिहायला बसलो. त्याचं म्हणणं, "सर, चकतीवर दातांचे व्रण आहेत, वॉरंटीत बसत नाही." अहो, तोंडात धरायची वस्तू ती! तिच्यावर दातांचे नाहीतर कशाचे व्रण असणार?

संच तुम्हाला माहीत असेलच, मुलांना ओठ मिटायला, जीभ मागे घ्यायला आणि फुंकर टिकवायला शिकवणारा. आठ नळ्या, सात शिट्ट्या, चावायच्या दोन रबरी कांड्या, साबणाच्या फुग्यांची बाटली. ६,८०० रुपये. डाउन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जास्त) असलेल्या मुलांच्या आईबापांना क्लिनिकबाहेरच्या बाकावर बसून बसून हे पाठ होतं, त्यामुळे वर्णनात वेळ घालवत नाही. आमची पोट्टी साडेपाच वर्षांची. स्नायू मऊ, तोंडात जिभेला जागा अपुरी, त्यामुळे ओठ उघडे आणि लाळ गळती. संच आणला तेव्हा दिवसाला नऊ लाळेरी लागायची. धुण्याच्या साबणाचा हिशोब मी ठेवतो. बायको हसते, हसू दे.

आता चकतीकडे येतो. नळीच्या वरच्या टोकाशी एक लहान प्लास्टिकची चकती असते. ओठ तिला टेकतात आणि नळी जेमतेम सहा मिलिमीटर आत जाते. सगळी करामत त्या सहा मिलिमीटरांत आहे. नळी खोल गेली की मूल ती दातांत धरतं आणि जीभ पुढे काढून बाटलीसारखं चोखतं, म्हणजे जी सवय मोडायची तीच पक्की होते. थोडीच आत असली तर ओठ गोल मिटावेच लागतात आणि जीभ मागे सरते. इतक्या महत्त्वाची वस्तू आणि बसवलीय सैल! पहिल्या नळीची चकती दुसऱ्या आठवड्यात सरकायला लागली, पाचव्या आठवड्यात हरवली. सुटी मिळत नाही म्हणे, नवा संच घ्या.

नागपूरच्या घरात कूलरच्या पंपाचं वॉशर असतंच. ते बसवलं, चपखल बसलं. धंतोलीतल्या थेरपिस्टताईंना मोठ्या तोऱ्यात दाखवलं, तर त्यांनी ते तिथल्या तिथे कचऱ्यात टाकलं. "भाऊ, हे निसटून घशात गेलं म्हणजे?" मग त्यांनी नळी दोन बोटांच्या चिमटीत धरली, नख बरोबर खुणेवर. ओठ बोटाला टेकले की थांबायचं. एक पैसा खर्च नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर, असं मनात आलं. पण रोज दहा मिनिटं, समोर हलणारं पोर, आणि सहा मिलिमीटरवर स्थिर नख, हे पंधरा दिवस करून पाहा. मग चकती कशाला करतात ते कळतं.

दिवाळीपर्यंत माझं मत होतं की पैसे पाण्यात गेले. आईचं तर पहिल्या दिवसापासून तेच. "काहून पैसे गमावून राहिला बाप्पा, तान्ह्या पोळ्याले दहा रुपयाची पुंगी भेटते ना!" पुंगीही आणली. दोन दिवसांत तिची आतली पत्ती सुटून पोट्टीच्या तळहातावर आली. जिभेवर आली असती तर, या विचाराने घाम फुटला. संचातल्या शिट्ट्या निदान अख्ख्या राहतात. पहिली हलक्या फुंकरीनं वाजते, पुढची प्रत्येक जास्त दम मागते. आमची गाडी दुसरीवरच अडली होती. फुंकर सेकंदभरही टिकत नव्हती.

अडत होतं ते नाकात. पहिल्याच भेटीत ताईंनी विचारलं होतं, घोरते का? मी म्हटलं, आमच्या घरात सगळेच घोरतात. झालं, विषय संपला. पोट्टी बसल्या बसल्या पुढे वाकून, पायांवर डोकं टेकून झोपायची. किती गोड, म्हणून आम्ही त्याचे फोटो नातेवाइकांना पाठवायचो. श्वास मोकळा व्हावा म्हणून लेकराने स्वतः शोधलेलं आसन होतं ते. डिसेंबरात रामदासपेठेत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकामागचे वाढलेले ॲडिनॉइड, म्हणजे मऊ गाठी, दाखवले. रात्रभर वायरी लावून स्लीप स्टडी केला, तर झोपेत श्वास थांबत होता. या मुलांचा चेहऱ्याचा मधला भाग लहान, वाट मुळातच अरुंद. घोरणं असो वा नसो, चार वर्षं वयापर्यंत डाउन सिंड्रोमच्या प्रत्येक मुलाचा स्लीप स्टडी व्हावा, अशी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस आहे. आम्ही ते वय उलटल्यावर गेलो. आणि तीन महिने नाक बंद असलेल्या पोरीला मी "तोंड मीट, तोंड मीट" म्हणत होतो.

जानेवारीत ॲडिनॉइडचं ऑपरेशन झालं. या मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांशी मानेबद्दल आधी बोलून घ्या. काहींना ऑपरेशननंतरही त्रास उरतो, म्हणून पुन्हा तपासतात. आमचं ठीक निघालं.

फेब्रुवारीपासून त्याच नळ्या, त्याच शिट्ट्या, पण पोरगी वेगळी. मार्चमध्ये ताक, एप्रिलात पन्हं, आणि मे महिन्यात पारा ४५ वर असताना वळणाच्या चौथ्या नळीने वाटीभर आमरस! पातळाकडून घट्टाकडे जायचं, पण पातळच जास्त धोक्याचं. ठसका न लागताही ते श्वासनलिकेत उतरू शकतं. ताईंनी आधी गिळणं तपासलं, मगच ताक. मनाने सुरू करू नका. फुंकरीसाठी टेबलावर कापसाचा बोळा ठेवतो आणि तो फुंकत तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलापर्यंत न्यायचा. बोळा लागला की बैलाच्या वतीने तीच हंबरते. शिट्टी पाचवी चालू आहे. लाळेरी दिवसाला दोन.

बोलण्याचं विचाराल तर डब्यावर ठळक छापलंय, "स्पष्ट उच्चारांसाठी". यावर मात्र माझा राग आहे. फुंकल्याने बोलणं सुधारतं याला भक्कम पुरावा नाही, बोलणं बोलूनच येतं, हे ताईंनी फी घेण्याआधी सांगितलं होतं. त्यासाठी शब्दांचा सराव वेगळा, या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं म्हणून ऐकण्याची तपासणी वेगळी. घरी हातखुणाही चालतात. "अजून आमरस" ही खूण आता शेजाऱ्यांनाही येते.

आणि ज्यावर मी रात्रभर चरफडलो ते ऐका. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाउन सिंड्रोम आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी आणि उपचार मोफत. हे मला ६,८०० भरल्यावर कळलं.

पाचपैकी तीन तारे. एक डब्यावरच्या थापेचा कापला, एक चकतीचा. पाचव्या नळीची चकती तडकलीय, त्यावरूनच परवाचं भांडण. सध्या चिमटीवर चाललंय आणि माझ्या अंगठ्यावर दातांचे व्रण आहेत. कोणाकडे जुन्या संचाची सुटी चकती पडली असेल तर कळवा, पोस्टाचा खर्च मी देईन.