इतवारीतील घाऊक दुकानाच्या पोस्टग्रेससाठी पीजी-डंप की पीजी-बेसबॅकअप?

धान्याच्या घाऊक दुकानाचे बिलिंग पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालते; त्याचा बॅकअप घेणारी ही दोन्ही साधने मी पारखली. पीजी-डंप डेटाबेसमधील मजकूर एका फाइलीत उतरवते, तर पीजी-बेसबॅकअप डेटाबेसच्या मूळ फाइलींचीच नक्कल घेते. पीजी-डंप चालू असताना बिले फाडणे थांबत नाही आणि त्याच्या कस्टम फॉरमॅटमधील फाइलीतून एखादेच टेबल परत आणता येते, हे उत्तमच. मात्र रिस्टोअर करताना प्रत्येक इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्याची सूची) नव्याने बांधावा लागतो आणि रात्रीच्या डंपनंतरची बिले त्यात नसतातच. दिवाळीच्या गर्दीत हे परवडत नाही. पीजी-बेसबॅकअपसोबत डब्ल्यूएएल फाइलींचे (डेटाबेसमधील प्रत्येक बदलाची नोंदवही) आर्काइव्हिंग, म्हणजे वेगळ्या जागी जतन, अखंड चालू असेल, तर दुपारी ३.१० ला टेबल चुकून उडाले, तरी ३.०९ ची स्थिती परत मिळते. त्यासाठी अख्खा क्लस्टर, म्हणजे त्या सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस, उचलावा लागतो, जागाही जास्त लागते. २०२४ च्या पोस्टग्रेसच्या १७व्या आवृत्तीतील इन्क्रिमेंटल बॅकअपने (फक्त बदललेला भाग घेणाऱ्या) तो भार बराच हलका केला आहे. माझी पसंती बेसबॅकअपलाच, जोडीला आठवड्यातून एक डंप.